माऊलीची तांबडी भुकटी

भिवाजीच्या नाकातून सकाळपासून रक्त येत होतं. दोन टॉवेल भिजले तरी थांबेना, तेव्हा रूपाबाईनं नवऱ्याला जीपमध्ये घालून हिंगोलीचा दवाखाना गाठला.

तीन वर्षांमागं त्याच्या हृदयाची झडप बदलली होती. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोजची. रूपाबाईनं एक दिवस चुकू दिला नव्हता. म्हणून डॉक्टरांनी "आणखी काय घेता?" असं विचारल्यावर ती ठणकावून म्हणाली, "काहीच न्हाई."

भिवाजीनं मान खाली घालून खिशातून पाकीट काढलं. आत तांबडी भुकटी. डानशेन नावाचं चिनी मूळ. पुतण्या माऊलीनं दिलेलं.

"तिकडं चीनमध्ये हृदयाच्या रोग्यांना देतात हे," डॉक्टर म्हणाले. "पण तुमच्या गोळीसोबत घेतलं की गोळीचा जोर वाढतो, रक्त गोठत नाही. हाच रक्तस्राव डोक्यात झाला असता तर?"

रूपाबाईच्या अंगाची लाहीलाही झाली.

चार दिवसांनी भिवाजीला घरी आणलं, अन् बाजाराच्या दिवशी ती तडक जवळा बाजार या गावी गेली. माऊली जडीबुटीचं टेबल मांडून बसला होता. समोर एक म्हातारी पाकीट हातात घेऊन उभी.

"काकू, या की!"

"तुझा काका रक्तात न्हाला, ठावं हाय का? त्याची गोळी चालू हाय हे तुला म्हाईत न्हवतं?"

"म्हाईत व्हतं. पण जडीबुटी हाय ही. जडीबुटीनं अपाय होत न्हाई."

"धोतऱ्याचं बी पण जडीबुटीच हाय. खातूस का?"

आजूबाजूची माणसं जमली. रूपाबाई म्हातारीकडं वळली. "आजी, तुमी कोणती गोळी घेता?"

म्हातारीनं कमरेची पिशवी उघडून गोळ्यांची पट्टी दाखवली. रूपाबाईनं ती शंभर वेळा हाताळली होती. तीच गोळी.

तिनं म्हातारीच्या हातातलं पाकीट घेऊन माऊलीच्या छातीवर फेकलं. "इचारलं व्हतंस हिला? एका तरी माणसाला इचारलंस?"

गर्दीतल्या दोघांनी आपली पाकिटं गुमान टेबलावर ठेवली.

घरी भिवाजी बाजेवर बसून होता. "लई बोललीस का पोराला?"

"बोलले. अन् तुमी? माझ्यापासून लपवून काहून घेतलं?"

"दर महिन्याला रक्त तपासायला सुई टोचून घ्यायचा कंटाळा आला गं. वाटलं, या भुकटीनं गोळी सुटंल."

तिला वाटलं, हातातली बाजाराची पिशवी याच्याही अंगावर फेकावी. तिनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं दणकन आदळला.

"गोळी घ्या," ती म्हणाली. "माझ्यासमोर."