सलग जागा

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात १९८८ साली संगणक आला, तेव्हा तो चालवायला ललिताला घेतलं. ती महाडचीच, बौद्धवाड्यातली. मुंबईत इलेक्ट्रॉनिक्स शिकून परतली होती. टाक्यांचं तापमान मोजणारं एक कार्ड संगणकात बसवलं होतं. ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, तिनं लिहिला.

कार्ड आकडे थेट मेमरीत टाकायचं. त्यासाठी त्याला मोठी आणि सलग जागा लागे. मशीन सुरू केल्यावर ती मिळायची. पण काही दिवस इतर प्रोग्राम उघडबंद होत राहिले, की मेमरीचे तुकडे पडत. मग ड्रायव्हरला जागा मिळेना आणि पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राही.

ललिता मॅनेजरसाहेबांकडे गेली.

"मेमरी शिल्लक आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे साहेब, पण विखुरलेली. एसटीत सुट्या जागा कितीही असल्या, तरी लांब शिडी आडवी ठेवता येत नाही. मशीन सुरू होतानाच कार्डाची जागा राखून ठेवू. मग ती कुणी घेणार नाही."

"मग हेड ऑफिसला जाणारा रोजचा रिपोर्ट त्याच मशीनवर चालेल?"

"नाही चालणार. मेमरी वाढवावी लागेल."

"पुढच्या वर्षी बघू."

ललिता जागेवर येऊन बसली. रिपोर्ट चालू राहिला.

श्रावणात एका दुपारी टाकी तापत गेली. पडद्यावरचा आकडा मात्र जागचा हलला नाही. पोलादपूरचा श्रीपत पाळीवर होता. त्यानं नेहमीप्रमाणे झडप उघडली आणि उकळतं रसायन त्याच्या दोन्ही हातांवर आलं.

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी जागा राखून ठेवायला परवानगी दिली. ललितानं ती राखली. त्यानंतर आकडा कधी अडकला नाही. कंपनीच्या चौकशीत तिनं सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, असं बोलणं झाल्याचं त्यांना आठवत नाही. कामगाराचा निष्काळजीपणा, असा निकाल लागला.

श्रीपत दवाखान्यातून घरी आल्यावर ललिता पोलादपूरला गेली. तो ओटीवर बसला होता. त्याची बायको सोनाबाई त्याला भात भरवत होती. त्याची बोटं एकमेकांना चिकटून आखडली होती.

"बाई, आकडा थिर व्हता," तो म्हणाला. "मला वाटलं, टाकी निवांत हाय."

"तो जुना आकडा होता, श्रीपतदादा. मशीन अडकलं होतं."

"असं व्हतंय, ते तुमाला ठाव व्हतं?"

"होतं. मी साहेबांना सांगितलं होतं."

श्रीपतनं घास गिळला. आवाज न चढवता तो म्हणाला, "मला नाय सांगितलं कोणी."

सोनाबाईनं ताट बाजूला ठेवलं आणि पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"च्या घेतीस का गो?" तिनं विचारलं.

ललितानं होकारार्थी मान हलवली. कप आला. श्रीपत रस्त्याकडे बघत होता. त्याच्यासमोर तो कप उचलायला तिचा हात पुढे होईना. चहावर साय धरली.