सुई हलली नाही म्हणून

मी टीव्हीच्या पाठीमागून बोलतोय. पडद्यावरच्या बाईला तुम्ही ओळखता. मला कशाला ओळखाल? मी हाय व्होल्टेज डायोड, खडूच्या तुकड्याएवढा. पंधरा हजार व्होल्टची वीज पिक्चर ट्यूबकडे जाऊ द्यायची, परत येऊ द्यायची नाही, एवढंच माझं काम. ते आपल्याला नीट जमतंय, अशी खात्री मला पहिल्या दिवसापासून नव्हती.

कारखान्यात पोटात सिलिकॉनच्या चकत्या रचून मला बंद केलं आणि एका टीव्हीत बसवलं. चौऱ्याऐंशी साली तो नागपुरात गोपिकाबाईंच्या घरी आला. रविवारी सिनेमाला अख्खी गल्ली तिथे. लहान मुलं तेवढी मागे येऊन माणसं आत कुठून शिरतात ते बघत. तेवढीच माझी विचारपूस.

एका गुरुवारी आवाज राहिला, चित्र गेलं. टीव्ही दत्तोपंतांच्या दुकानात आला. ते लग्नाला कन्हानला निघाले होते. हाताखाली काम शिकणाऱ्या शामलाला त्यांनी सांगितलं, हा सेट तू एकटीनं कर. रविवारपर्यंत चालला तर टीव्ही दुरुस्तीचं हे टेबल तुझं, नाहीतर रेडिओची बटणं बदलत बस.

शामलाचं आठ महिन्यांचं बाळ मागच्या झोळीत. टीव्ही बंद केला तरी ट्यूबमध्ये वीज दबा धरून बसते. ती आधी तार लावून उतरवावी लागते. शामलानं तीनदा उतरवली. दर वेळी झोळीकडे पाहिलं, जणू वीज तिकडेच पळणार होती.

मग मला काढून, माझ्यातून वीज जाते का ते पाहायला मीटर लावला. सुई हलली नाही. उलटा लावला, तरी नाही.

"गेला हा," ती म्हणाली.

मी लगेच मानलं. शिकलेली बाई सांगत होती.

सीताबर्डीहून तिनं नवा आणला. बसवण्याआधी त्यालाही मीटर लावला. सुई ढिम्म. तो बदलून आणला, तर दुसराही मुका. दुकानदार म्हणाला म्हणे, वहिनी, आता मीटरच बदलून न्या. शुक्रवार असाच गेला. ती रडकुंडीला आली.

बाळाला घ्यायला तिचे सासरे रुपराव आले होते. त्यांचा जन्म हातमागावर गेलेला.

"त्या डबीत जोर किती आहे वं?" मीटरकडे बोट दाखवत त्यांनी विचारलं.

"दोन सेलचा, मामाजी. तीन व्होल्ट."

"अन् हा किती झेलते?"

"पंधरा हजार."

"मंग ढिल्या सुताची परीक्षा होते काय? ताणून पाह्य ना."

तिनं खण उघडला. मग रेडिओच्या नऊ-नऊ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या ओळीनं जोडल्या, वीज आवरायला मध्ये रेझिस्टर घातला आणि मला पुन्हा तपासलं. एका बाजूनं सुई उठली, दुसऱ्या बाजूनं नाही. हवं तसंच: माझ्या एवढ्या चकत्या ओलांडायला तीन व्होल्ट पुरत नव्हते, चोपन्न पुरले. मी जिवंत होतो, आणि हे सगळ्यांत शेवटी मला कळलं.

मग दोष कुठे? शनिवार शोधण्यात गेला. ट्रान्सफॉर्मरच्या एका पायाचं सोल्डर केसभर चिरलं होतं. तिनं ते डागलं आणि मला माझ्या जागी बसवलं.

रविवारी गोपिकाबाईंकडे चित्र लागलं. गल्ली पुढे बसली. शामला बाळाला कडेवर घेऊन मागे उभी, जाळीतून माझ्याकडे बघत. कन्हानहून परतलेले दत्तोपंत तिला म्हणाले, "पुढं ये ना वं. टेबल तुझंच आहे आता."

"येते. बातम्या लागेपर्यंत इथंच राहते."

आजही बटण दाबलं की मला धसका बसतो, आज जमेल ना? तो नवा डायोड तिच्या खणात पडून आहे. तोही घाबरतच असेल. तुमच्याकडे एकच मागणं: माझ्यासारखा कोणी गप्प सापडला, तर फेकण्याआधी तोच प्रश्न एकदा नव्यालाही विचारून बघा.