काळजावरचा डाग

मित्रांनो, मी एक जुनं यकृत आहे. अठ्ठावन्न वर्षं वापरलेलं, दीडेक किलो वजनाचं, एका शिंपिणीच्या उजव्या बरगड्यांखाली राहणारं. माझं घरगुती नाव काळीज. पण माणसं 'काळजाला लागलं' म्हणतात आणि हात मात्र छातीवर ठेवतात. नाव माझं, मान शेजारच्या हृदयाचा. मी ते मनाला लावून घेत नाही, कारण मला सवडच नसते. रक्त साफ करा, साखर साठवा, पित्त बनवा, औषधांची विल्हेवाट लावा. त्यातून मला फारसं दुखत नाही, त्यामुळे माझी विचारपूसही कोणी करत नाही.

म्हणूनच माझ्या उजव्या अंगात लिंबाएवढी गाठ झाली, तेव्हा बरेच दिवस कोणाला पत्ता नव्हता. ती कर्करोगाची निघाली. मोठ्या रक्तवाहिनीला खेटून बसलेली, म्हणून कापून काढता येईना. मग डॉक्टरांनी ठरवलं, नेमके त्या गाठीवरच किरण सोडायचे, पाच वेळा.

मला भारी उत्सुकता होती. सगळं आयुष्य अंधारात गेलेलं, वाटलं, आता उजेड कसा असतो ते कळेल.

अडचण वेगळीच निघाली. आमच्या बाईंनी श्वास घेतला की मी खाली सरकतो, सोडला की वर येतो. मग नेम कसा धरायचा? यंत्र चालवणाऱ्या ताई भिंतीपलीकडून माइकवर सांगायच्या, "श्वास सोडा आणि थांबा." बाई धास्तीने मध्येच धाप टाकायच्या. तीनदा फसल्यावर ताईंनी बाईंच्या लेकीला माइकपाशी बोलावलं.

"आई, सुईत दोरा ओव बघू," लेक म्हणाली.

झालं. दोरा ओवताना पस्तीस वर्षं रोखत आल्या होत्या, तसाच बाईंनी श्वास रोखला आणि मी जागच्या जागी थांबलो.

उजेड काही दिसला नाही. दुखलंही नाही. पण पुढच्या काही आठवड्यांत गाठीभोवतीचा माझा पट्टा बदलू लागला. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबल्या, पेशी एकेक करून काम सोडू लागल्या. आणि गंमत म्हणजे, त्याच वेळी माझी डावी बाजू भरू लागली. हे कोणी शिकवलं, मलाही माहीत नाही.

तीन महिन्यांनी स्कॅन झाला. लेकीने दवाखान्याच्या जिन्यातच रिपोर्ट उघडला. आधी तीन सेंटिमीटरचा असलेला डाग आता सहाचा होता. तिने रिपोर्ट पिशवीच्या तळाशी सारला, पण आईपासून काय लपतंय? बाईंनी वाचला आणि दुसऱ्या दिवसापासून न बेतलेली कापडं गिऱ्हाइकांना परत करायला लागल्या. "माझ्याच्यानं व्हायचं नाही," एवढंच सांगायच्या. मित्रांनो, तेव्हा मला तोंड नसल्याचं फार वाईट वाटलं. वाढलेला डाग गाठीचा नव्हता, माझाच होता, आणि ते मला एकट्यालाच ठाऊक होतं.

चार दिवसांनी डॉक्टरांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. "गाठ ही आतली, एवढीच. भोवतीचा पट्टा म्हणजे किरण लागलेलं यकृत. असं होतं."

"म्हणजे रोग वाढला नाही?" लेकीने विचारलं.

"तसं वाटत नाही. पट्ट्याचा आकार आपल्या किरणांच्या आखणीसारखाच आहे. तरी तीन महिन्यांनी पुन्हा बघू. आणि रिपोर्ट जिन्यात वाचायचा नाही, सरळ माझ्याकडे आणायचा."

बाई मात्र चित्राकडेच बघत होत्या. "ही डावी बाजू कशानं मोठी झाली?"

"उजवीचं काम कोणी तरी करायला हवं ना."

"मला न सांगताच कामाला लागलं होय," बाई म्हणाल्या आणि त्यांना रडू आलं.

पुढच्या स्कॅनमध्ये पट्टा आक्रसला होता, गाठही जिवंत दिसेना. किरण लागलेला माझा कोपरा मात्र सुकला, तो आता पुन्हा कामाला येणार नाही. मित्रांनो, मी कुरकुरत नाही म्हणून मला विसरू नका, अधूनमधून तपासून घेत जा. आणि माझ्याबद्दल कागदावर काही वाचलंत, तर मनाशी निकाल लावण्याआधी जाणत्या माणसाला विचारा. त्या चार दिवसांत आमच्या बाई आवराआवर करत होत्या, आणि मी वाढत होतो.