अर्धी चिठ्ठी

शिवणवाल्या वहिनींकडे कापड टाकलं की चिठ्ठी घ्यावीच लागे. एकच आकडा त्या दोनदा लिहायच्या आणि चिठ्ठी मधोमध फाडायच्या. अर्धी टाचणीने कापडाला, अर्धी गिऱ्हाइकाच्या हातात. सख्खी नणंद उशीचा अभ्रा शिवायला आली तरी तेच.

"वहिनी, मी काय पळून जाणारेय?"

"तू नाही गं, माझी आठवण पळते."

त्या सकाळी त्या काजं करत बसल्या होत्या. बँकेचा माणूस दाराला कागद चिकटवू लागला.

"पाण्याचं बिल का हो?"

"घर जप्त झालंय, ताई. मालकांनी कर्ज फेडलं नाही. पंधरा दिवसांत खाली करा."

"आणि आमचं डिपॉझिट?"

"ते मालकांकडे मागा. करारपत्र, पावती, काही आहे?"

वहिनींकडे यातलं काहीच नव्हतं. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याने पैसे पुढे केले, तेव्हा घरमालक काका दुखावल्यासारखे म्हणाले होते, "पावती? घरच्या माणसांत?" आणि ओशाळली होती ती ही दोघंच. उशीच्या अभ्र्याला चिठ्ठी देणारी बाई डोक्यावरचं छप्पर तोंडी घेऊन बसली होती!

काका आता मेव्हण्याच्या घरी, जिन्याखालच्या खोलीत राहत होते. "पोरी, तुझे पैसे हप्त्यांत गेले," ते म्हणाले. "घर वाचलं असतं तर तुम्हीही वाचला असतात." काकूंनी पाणी आणून ठेवलं, पण नजर वर केली नाही. अशा माणसांवर ओरडायचं तरी कसं?

नव्या खोलीची मालकीण डिपॉझिटशिवाय किल्ली देईना. शेवटी शिलाई मशीन विकायचं ठरलं. खोली मिळणार होती. त्या खोलीत बसून करायचं काय, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी बोचकी बांधून झाली होती, मशीन न्यायला टेम्पो यायचा होता. तेवढ्यात काका आले. हातात अर्धी चिठ्ठी.

"माझी पँट... उद्यापासून एका गोदामाच्या दारावर उभं राहायचंय."

"देऊ नकोस," बसड्रायव्हर नवरा आतून गरजला. "जाऊ दे अर्ध्या चड्डीत!"

वहिनींनी आकडा जुळवला. जुळत होता. पँट घडी घालून दिली. मग एक कोरी चिठ्ठी मशीनच्या फळीवर ठेवली, पेन ठेवलं.

"काका, आता तुम्ही लिहा. आमचं डिपॉझिट तुमच्याकडे आहे, एवढंच. आज द्या म्हणत नाही मी. फक्त लिहा."

काकांनी पेन उचललं. चिठ्ठीकडे बराच वेळ पाहिलं. पेन खाली ठेवलं.

"चष्मा विसरलो गं. उद्या येऊन लिहितो."

चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून डोकावत होता. वहिनींना दिसत होता, आतून दारात आलेल्या नवऱ्याला दिसत होता. म्हाताऱ्या माणसाला खोटं पाडायचं दोघांनाही जमलं नाही.

"उद्या इथे कोण असणार, काका?" वहिनी एवढंच म्हणाल्या. तोवर ते पायऱ्या उतरून गेले होते.

कोरी चिठ्ठी वहिनींनी टाचणीने पदराला लावली. खाली टेम्पोचा हॉर्न वाजला.

आपल्यापैकी कुणी घर भाड्याने दिलं असेल, तर आज एकदा खिसा चाचपून पाहा. चष्मा तिथेच असतो.