सदतिसावा फोटो

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि तोही रोलवाला. तुमच्या घरातल्या फोनच्या पोटात काही घालावं लागत नाही, माझ्या घालावं लागतं. मागचं झाकण उघडून रोल बसवायचा, त्याचं टोक समोरच्या दांडीत नीट अडकवायचं, तेव्हा कुठे छत्तीस फोटो निघतात. आणि ते दिसणार रोल धुऊन आल्यावर. माझं सगळं वाटोळं त्या टोकापायीच झालं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

कारखान्यात एका लांब टेबलावर बायकांनी चिमट्याने माझ्यात स्क्रू बसवले. तपासनिसाने मला कानाशी धरून खटका वाजवून पाहिला आणि म्हणाला, "ठणठणीत आहे." ती माझी पहिली शाबासकी. पुढे मी एका चष्मेवाल्यांकडे आलो. दिवसभर गिऱ्हाइकांना "आता खालची ओळ वाचा" एवढंच सांगणारा हा अबोल माणूस सुट्टीच्या दिवशी मात्र खुलायचा. पाऊस सरून पानं पिवळी पडू लागली की ते आणि त्यांची थोरली बहीण मला घेऊन ओढ्यापलीकडच्या बनात जात. ताई शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. वर्गात हजेरी घ्यावी तशी त्या एकेका अळंबीचं नाव घेत. चष्मेवाले ओल्या पानांवर पालथे पडून मला डोळ्याला लावत. ससे, धुक्यातला उतार, पाणी पिणारी हरणं, सगळं मी टिपलं. पण आमचा खरा जीव अळंब्यांवर.

"हलू नकोस!" ताई ओरडायच्या.

"ताई, अळंबी हलत नाहीये. मुंगी चावल्यामुळे मी हलतोय!"

ते माझे सुखाचे दिवस होते.

मग एका वर्षी ते बन तोडून तिथे गोदाम बांधायचं ठरलं. ताईंनी कचेरीत खेटे घातले. शेवटी साहेब म्हणाले, "दुर्मीळ काही उगवतं म्हणता ना? मग फोटो आणा. सोमवारी दुपारी माझी सही होईल." ताईंना त्या बनातली निळ्या कडेची एक अळंबी माहीत होती. ती वर्षातून एकदाच उगवायची, दोन दिवस टिकायची, आणि तोडली की तासाभरात तिचं काळं पाणी व्हायचं. त्यामुळे फोटोशिवाय इलाज नव्हता.

शनिवारी सकाळी ती सापडली. पडलेल्या ओंडक्यावर सात जणी दाटीवाटीने उभ्या होत्या. माझ्या खटक्याने हरणं बुजतात म्हणून ताईंनी मला जाड कापडाचा अंगरखा शिवला होता. त्या दिवशी तो पहिल्यांदाच माझ्या अंगावर होता. आता ऐका. माझ्या डोक्यावर डावीकडे एक चकती आहे. रोल पुढे सरकला की ती फिरते. चष्मेवाले पहिल्या दोन फोटोंनंतर तिच्याकडे हटकून बघायचे. त्या दिवशी ती अंगरख्याखाली झाकली गेली. घाईत घातलेल्या रोलचं टोक दांडीतून निसटलं होतं. खटका वाजत होता, आकडा पुढे जात होता आणि रोल मात्र जागच्या जागी होता. मला सगळं कळत होतं. पण सांगू कसं? मला फक्त खटका वाजवता येतो.

छत्तीस झाले. चष्मेवाल्यांनी रोल पुढे सरकवायची कळ पुन्हा ओढली, आणि ती अडली नाही.

"ताई, सदतिसावाही निघाला!"

"आज दिवसच आपला आहे," ताई म्हणाल्या आणि त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी घरी चष्मेवाले तीच चकती फिरवून रोल परत गुंडाळायला बसले. एरवी कितीतरी वेढे लागतात. त्या दिवशी दुसऱ्याच वेढ्याला चकती हलकी पडली. त्यांचा हात थबकला. मनात पाल चुकचुकली असणारच. शेजारच्या खोलीत ताई साहेबांना द्यायचं पत्र लिहीत गुणगुणत होत्या. चष्मेवाल्यांनी दाराकडे पाहिलं, रोल डबीत घातला आणि झाकण लावलं. अळंबी रविवारी दिवसभर तिथेच उभी असणार होती.

सोमवारी सकाळी रोल धुणारा म्हणाला, "काका, हा तर कोरा आहे. एकही फोटो नाही." दोघं तडक बनात गेली. ओंडक्यावर काळा डाग उरला होता. दुपारी सही झाली आणि महिन्याभरात झाडं आडवी झाली.

"चूक कोणाच्याही हातून होते," ताई भावाला एवढंच म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. त्यानंतर चष्मेवाल्यांनी मला हात लावला नाही. दमट कपाटात वर्षं गेली आणि माझ्या भिंगात बुरशी धरली. अळंब्यांची ही धाकटी भावंडं माझ्याच डोळ्यात राहायला आली, आणि त्यांचे फोटो काढणारं कोणी नाही.

परवा ताई आल्या होत्या. आता काठी घेऊन चालतात. कपाटात मला पाहून थांबल्या.

"त्या शनिवारी संध्याकाळीच कळलं असतं ना," त्या म्हणाल्या, "तर रविवारी धावत गेलो असतो रे आपण."

"हो ना," चष्मेवाले म्हणाले आणि त्यांनी कपाट लावून घेतलं.

मित्रांनो, मला पुसा, कोरड्या जागी ठेवा, असं मी सांगायला हवं. पण माझी काच आता कोणी पुसली तरी साफ होणार नाही, आणि ते बनही परत येणार नाही. तुमच्या हातून कधी असं काही झालं, आणि मधे एखादा रविवार शिल्लक असला, तर शेजारच्या खोलीत जा आणि सांगून टाका.