नाल्याच्या वाटेवर आडवी

मी एक जुनी बैलगाडी आहे, मित्रांनो. धुळे जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी एका चिंचेखाली उभी असते. पोरं माझ्या जुवावर बसून घोडा घोडा खेळतात. खेळू देत. कुणी मला चुलीत घातलं नाही, हे काय थोडं झालं?

वना सुताराने मला बाभळीची चाकं दिली. माझे मालक लोटनभाऊ मला जिवापाड जपायचे. कापूस भरून मी जिनिंगला निघाले की त्यांची मान ताठ व्हायची.

ऐंशीच्या सुमाराला नाल्यापलीकडे सुकदेवबुवांच्या पंथाची माणसं राहायला आली. ती मिळून शेती करायची, एका पंगतीत जेवायची. त्यांच्या घरांचे खांब मीच वाहिले. पंचायतीच्या निवडणुकीत बुवा सांगतील तिथेच त्यांची सगळी मतं पडायची. बुवांनी आमच्या गावच्या हिलालनानांचं नाव घेतलं आणि नाना सरपंच झाले. तेव्हा नानांच्या लेखी पंथाची माणसं देवमाणसं होती.

पुढच्या निवडणुकीला पंथाने स्वतःचा माणूस उभा केला आणि देवमाणसं एका दिवसात परकी झाली. नाना पारावर बसून सांगू लागले, ही तर मेंढरं आहेत, आज पंचायत घेतील, उद्या तुमची विहीर घेतील. मतं आपल्याला पडली तोवर गोड, दुसऱ्याला पडणार म्हटल्यावर कडू! पण गाव घाबरलं. पंथाच्या चाऱ्याची गंजी कुणीतरी पेटवली. त्या रागात पंथाच्या माणसांनी गावातल्या दोघांची डोकी फोडली.

मतदानाच्या सकाळी लोटनभाऊंनी बैल सोडले आणि मला नाल्याच्या वाटेवर आडवी लावली. पंथाला शाळेत मत द्यायला जायला दुसरी वाट नव्हती. अलीकडे गाव काठ्या घेऊन उभं, पलीकडे बायकापोरांसह पंथ, हातात दगड. मी मधे. ज्या हातांनी मला वंगण दिलं त्याच हातांत काठी पाहून मला रडू आलं.

"बुवानं ऐकीसन बठ्ठा मत देतस," लोटनभाऊ म्हणाले. "असा मतले काय अरथ शे?" बुवांचं ऐकून दिलेलं मत त्यांच्या लेखी मतच नव्हतं.

त्यांची बायको भिकुबाई नवं लुगडं नेसून मत द्यायला निघाली होती. चारचौघांत ती कधी तोंड उघडत नसे. ती माझ्या दांडीखालून वाकून पलीकडे गेली आणि पंथाच्या बायकांत जाऊन उभी राहिली.

"त्या लोक बुवानं ऐकतस, मी तुम्हनं ऐकस," ती म्हणाली. "मंग माले बी अडवा."

मग गावातल्या आणखी दोघी वाकून पलीकडे गेल्या. तेव्हा लोटनभाऊंनी काठी टाकली आणि माझ्या चाकाला खांदा लावला. पलीकडून एकाने दगड टाकून दुसरं चाक धरलं, आणि मी सरळ झाले.

नाना हरले. विहीर मात्र जागच्या जागीच राहिली. पंथातल्या बायकांनीही भिकुबाईचं बोलणं ऐकलं होतं. पुढे त्यांची मतं कुठे पडतात ते बुवांनाही कळेनासं झालं. भिकुबाईने शिक्का कुणावर मारला, ते लोटनभाऊंनी कधी विचारलं नाही.

मित्रांनो, माझ्यावर चढा, उड्या मारा, जमलं तर चाकांना थोडं वंगण द्या. फक्त मला पुन्हा कुणाच्या वाटेत आडवी लावू नका.