टोरांटोहून न निघालेले विमान

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. माझे पोट पोकळ आहे आणि अंगावर कागदाचे देश चिकटवलेले आहेत. जबलपूरच्या कांचघर भागात गुणवंतरावांच्या घरी मी बरीच वर्षे आहे. त्यांनी मला मुलीसाठी, विनीतासाठी आणले. ती मला इतकी गरगर फिरवायची की माझा दांडा वाकला. पुढे ती नोकरीसाठी कॅनडात टोरांटोला गेली आणि मी कपाटावर गेलो.

मला खाली काढले तिच्या आईने, शैलजाबाईंनी. त्या अंगठा जबलपूरवर ठेवत आणि करंगळी ताणून टोरांटोला टेकवत.

"तुझे बाबा इथं जवळ कटनीला निघाले तरी दोन डबे बांधून मागतात," त्या फोनवर म्हणत, "अन् तू पाहा कुठं जाऊन बसली!"

"आई, साडेअकरा हजार किलोमीटर आहे, पण दिल्ली फक्त चौदा घंटे. मग जबलपूर. क्या दूर है?"

त्या चौदा तासांचे घरात फार कौतुक झाले. माझेही झाले. येईल त्या पाहुण्याला शैलजाबाई माझ्यावरची ती वीत दाखवत.

मग त्या आजारी पडल्या. डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला सांगितले, मुलीला बोलावून घ्या म्हणाले. गुणवंतरावांनी माझ्याशेजारी उभे राहूनच फोन केला.

"बाबा, आजचं तिकीट मिळून राहिलं."

"आज अमावस्या आहे, बेटा. अमावस्येला घरून निघू नये. उद्याचं घे. चौदा तासांची तर गोष्ट आहे."

विनीता दोनदा "पण बाबा" म्हणाली. मग तिने ऐकले.

आतल्या खोलीतून शैलजाबाईंनी विचारले, "निघाली का विनी?"

त्यांना धीर यावा म्हणून गुणवंतराव म्हणाले, "निघाली. विमानात बसली."

शैलजाबाईंनी मला उशाशी मागवले. टोरांटोवर बोट ठेवले आणि जागे असतील तेव्हा ते थोडे थोडे पुढे सरकवत राहिल्या.

"आता समुद्र संपला असंल, नाही?"

"हो," गुणवंतराव खिडकीकडे पाहत म्हणत.

त्या बोटाखाली विमान नव्हते. मला ते ठाऊक होते, तरी मी रस्ता देत राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी बोट दिल्लीला पोचले, मग जबलपूरला.

"आली असंल ना आता? काहून नाही आली?"

"दिल्लीत धुकं आहे."

त्यांनी बोट उचलून घेतले. संध्याकाळी त्या गेल्या. तेव्हा विनीता टोरांटोत बॅग भरत होती.

ती पोचली तेव्हा नर्मदेच्या ग्वारीघाटावर अग्नी देऊन सगळे परत आले होते. तिने एवढेच विचारले, "आईनं मला विचारलं?"

गुणवंतरावांनी सारे सांगितले. "तुझं विमान उतरलं अन् तू आली नाहीस, असं समजून गेली ती. खरं सांगितलं असतं, तर अजून एक दिवस थांबली असती."

"मी पण तर थांबले ना, बाबा," विनीता म्हणाली.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. माझ्यासारखे गोल दुकानात मिळतात. पण बोलावणे आले की निघा. आणि अंथरुणावरच्या माणसाशी खोटे बोलू नका, धीर देण्यासाठीसुद्धा. तो तुमच्या शब्दाच्या भरवशावर श्वास पुरवून वापरत असतो.